सागवानाच्या चार फळ्या

आमच्या ह्यांना, म्हणजे रऊफ मिस्त्रींना, शेलूबाजारात कोणी म्हातारा म्हटलं तर चालतं. हात बिघडला म्हटलेलं खपत नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येत नाही, उरलेली सांभाळा, म्हणाले. हे दवाखान्याच्या पायरीवरच मला म्हणतात, "मले डोये कायले पाह्यजेत, नजमा? माहे हात पाह्यतात."

लोकांनी ते मानलं, कारण माल चांगला येत होता. का येत होता, ते मला एकटीला ठाऊक. हे दुपारच्या नमाजला गेले की मी घरामागच्या दुकानात शिरायची. त्यांच्या घट्टे पडलेल्या बोटांना न लागलेल्या खरबरीत जागा शोधायची आणि पॉलिश पेपरने घासून काढायची. त्यावर मग पुट्टी आणि ऑइलपेंट. रंगाखाली सगळं झाकतं. चाळीस वर्षं सुताराच्या घरात काढली, मला काय कमी कळतं, असा माझा तोरा होता.

इकडे ह्यांची नजर नुसत्या सावल्यांपुरती उरली आणि आमचा मुबश्शिर दुकान मोबाइलवाल्याला देऊ म्हणू लागला. पोरगा वाईट नाही. बापाचं बोट एकदा करवतीखाली जाता जाता वाचलं, तेव्हापासून त्याने धसका घेतलाय. वाशीमला दिलेल्या आमच्या अर्शियाला पुस्तकांसाठी चार फळ्या हव्या होत्या. बापलेकांची त्यावरच पैज लागली.

"तुमी एकट्यानं करा, अब्बा. बरोबर आल्या तं मी पुन्हा तोंड नाही उघडत. नाही आल्या तं औजारं ठेवून द्यायचे."

"ठेवतो," हे म्हणाले. "जबान दिली."

अर्शियाला रंग नको होता. सागवानाच्या रेषा दिसायला हव्यात, नुसतं जवसाचं पक्कं तेल लावा, म्हणाली. ह्यांनी रंधा मारला, जाड पेपरने फळ्या घासल्या आणि नमाजला गेले. मी आत. सहा-सात जागा राहिल्या होत्या. माणसाची अख्खी इज्जत पणाला लागलेली, म्हणून मी घरातला सगळ्यात बारीक पेपर घेतला आणि तेवढ्याच जागा लोण्यासारख्या मऊ केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तेल लागलं. पोरं दोन्ही हजर. पाहता पाहता फळ्या गुळासारख्या लाल झाल्या, आणि मी घासलेल्या जागा मात्र पांढुरक्या राहिल्या, अंगावर कोड उठावं तशा. जाड घासलेलं लाकूड तेल पितं, फार गुळगुळीत केलेलं पीत नाही. चाळीस वर्षांत मला हे कळलं नव्हतं.

"आला का रंग?" ह्यांनी विचारलं.

अर्शियाने तोंड फिरवलं. मुबश्शिर हळूच म्हणाला, "डाग आलेत, अब्बा."

"डाग? हाताले तं काही लागून नाही राह्यलं." त्यांनी तेलाचा दुसरा हात मारला. डाग आणखी उठून दिसले. मुबश्शिरने तेलाचा डबा बाजूला सरकवला, तेव्हा ते समजले. चिंधीने हात पुसले आणि रंधा चाचपून पोत्यात ठेवला. मला ते बघवेना.

"तुमचा हात नाही चुकला," मी म्हणाले. "मी घासलं मांगून. बारीक पेपरनं."

मुबश्शिरचा चेहरा उजळला. माझाही जीव भांड्यात पडला. पण ह्यांनी पोत्यातला रंधा बाहेर काढला नाही.

"काहून घासलं?"

"जागा राह्यल्या होत्या."

"याच फळ्यायच्या?"

खोटं बोलता आलं असतं. जीभ वळली नाही. "दोन वरसापासून," मी म्हणाले.

"ग्यानबाचा पलंग? मशिदीचं कपाट?"

मी मान हलवली. मग ध्यानात आलं, त्यांना ती दिसत नाही. तोंडानेच 'हो' म्हणावं लागलं.

"अब्बा, मी दुकानाचं नाही काढत आता," मुबश्शिर घाईने म्हणाला.

"दुकान तं दोन वरसामांगंच बंद झालं, बेटा. मलेच कोनी सांगतलं नाही."

मी त्यांना वाचवायला गेले होते. उरलेली औजारं त्यांच्या पायाशी पसरली होती आणि मी तिथेच उभी होते. ती गोळा करायला त्यांनी मुबश्शिरला बोलावलं, मला नाही.