बोंबल्या हरला

काशिरामनं चपला जांभळाच्या मुळाशी काढून ठेवल्या आणि तो माणसांच्या चौथ्या रांगेत जाऊन उभा राहिला. पुढे तळ्याच्या पायरीवर प्रणित उघड्या अंगानं बसला होता. डोकं आणि मिशी सकाळीच उतरवलेली. भटजी सांगतील तसा तो बापाच्या पिंडावर काळे तीळ वाहत होता. विठूचा आज दहावा.

खारघरपासून बसमध्ये काशिराम एकच वाक्य घोळवत आला होता. आधी ते त्याच्या तोंडात शहरी मराठीत आलं, पण विठूशी असलं काही त्या भाषेत बोलणं त्याला खोटं वाटलं. मग त्यानं ते गावच्या बोलीत बसवलं. 'विठू, त्या दिसा तुजाच बोंबल्या जिकला व्हता. मी खोटा बोललू.' बत्तीस वर्षांत ही बोली त्यानं फारशी वापरली नव्हती. दोनदा अडखळला, तिसऱ्यांदा जमलं.

कावळा शिवला नाही, की एकेक जण पुढे होऊन मेलेल्याला शब्द देतो. पोरीचं लग्न करतो, बायकोला अंतर देत नाही, घराचं काम पुरं करतो. विठू तर जेवता जेवता गेलेला, धाकट्या पोरीचं, भाविकाचं, लग्न वैशाखात ठरलेलं. सगळ्यांकडे आपापले शब्द तयार होते. त्या सगळ्यांचे शब्द फुकट गेले की आपण पुढे व्हायचं, असं काशिरामनं ठरवलं होतं. कावळा नेमका कशासाठी अडून बसणार, हे आपल्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, अशी त्याची खात्री होती.

त्र्याण्णव साली गावात, गव्हाणला, टीव्हीची एकच डिश होती, जगनशेठच्या गच्चीवर. जगनशेठ मातीच्या भरावाची कंत्राटं घ्यायचा. रविवारी संध्याकाळी पाच वाजता तो टीव्ही खिडकीत आणून ठेवायचा आणि पुढच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा उरायची नाही. अमेरिकेतली कुस्ती लागायची. तिला ना माती, ना लंगोट. दोऱ्यांनी बांधलेला चौक, चमचमत्या चड्ड्या, आणि डोक्यात खुर्ची घातली तरी उठून उभे राहणारे पैलवान. हे सगळं आधीच ठरवून करतात, असा संशयसुद्धा अंगणात कुणाला आला नव्हता. अडचण एकच, ती म्हणजे इंग्रजी.

काशिराम बारावी झालेला. पनवेलला एका क्लिअरिंग एजंटकडे टायपिंग करायचा. वासरात लंगडी गाय शहाणी. लोकांनी त्याला खिडकीशेजारी स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, सांग.

ती कॉमेंट्री करणारी माणसं इतकी भरभर बोलायची, की दहातला एक शब्द काशिरामच्या हाती लागायचा. उरलेले नऊ तो पदरचे घालायचा. पैलवानांची नावंसुद्धा त्यानंच ठेवली. एक उंच, बोंबलासारखा पांढराफटक, कुणाच्या पकडीत न सापडणारा, तो बोंबल्या. दुसरा काळा आणि अवाढव्य, तो रेडा. बोंबल्याला बाप नाही, आई मासळी विकते. रेड्याच्या आजानं रात्रीतून बांध फोडून त्यांच्या भाताच्या खाचरात खाडीचं खारं पाणी सोडलेलं. तेव्हापासून वैर. हे अमेरिकेत कुठे घडतं, असं विचारणारं कुणी नव्हतं, कारण गव्हाणात ते घडत होतं. बायका रडायच्या. एकीनं तर बोंबल्यासाठी गावदेवीला नारळ बोलला आणि फेडलाही. आयुष्यात पुन्हा कधी काशिरामचं कुणी इतकं ऐकलं नाही.

सगळ्यांत पुढे, मांडी घालून, विठू बसायचा. काशिरामचा लंगोटीयार. बोंबल्या म्हणजे त्याचा जीव. रेड्याशी बोंबल्याची पट्ट्यासाठीची कुस्ती जाहीर झाली, तेव्हा विठूनं जगनशेठशी पैज लावली, की बोंबल्या हरला तर मिशी देईन. मिशी चांगली झुपकेदार होती. कुस्ती रंगात आली, रेड्यानं बोंबल्याला डोक्यावर उचललं, आणि लाइट गेली. ती रात्री दहाला आली.

लोक म्हणाले, काश्या उद्या पनवेलहून विचारून येईल. काशिरामनं सोमवारी ऑफिसात विचारलं, चहावाल्याला विचारलं, बसस्टॉपवर दोन कॉलेजच्या पोरांना विचारलं. कुणी पाहिली नव्हती. रिकाम्या हातानं गावात शिरायचं त्याच्या जिवावर आलं. परतताना त्यानं बसमध्येच निकाल लावला. बोंबल्या जिंकला तर गोष्ट तिथेच संपते. हरला, तर पुढच्या रविवारी अख्खं गाव बदला बघायला येईल. अंगणात उभं राहून त्यानं सांगितलं, रेडा जिंकला. बोंबल्या पडल्या पडल्या गर्दीत आईला कसा शोधत होता, तेही सांगितलं. बायकांनी डोळे पुसले. मग जगनशेठनं हसत विचारलं, वस्तरा आणू का. पैज काशिराम साफ विसरला होता.

त्याच क्षणी बोलला असता तर हसण्यावारी गेलं असतं. पण अंगणभर माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि तो गप्प राहिला. विठू म्हणाला, शब्द म्हणजे शब्द. ओटीच्या पायरीवर बसून त्यानं मिशी उतरवली.

बाप जिवंत असताना मिशी काढायची नसते. ती बाप गेल्यावर उतरते. विठूचा बाप धोंडी संध्याकाळी खाडीवरून आला, खांद्यावरचं जाळं खाली ठेवलं आणि पोराच्या तोंडाकडे बघत राहिला. शिवी दिली नाही, हात उगारला नाही.

"मी मेलू का रं?" एवढंच त्यानं विचारलं.

पंधरा दिवसांनी पनवेलच्या एका कॅसेट लायब्ररीत तीच कुस्ती लागलेली काशिरामनं उभ्या उभ्या पाहिली. रेड्याच्या हातांतून बोंबल्या सटकला, त्यानं मागून रेड्याची मान धरली आणि त्याला चीत केलं. काशिरामनं ठरवलं, या रविवारी सांगायचं. मग पुढच्या. तीन महिन्यांनी धोंडी वारला. गावात दोन-चार म्हाताऱ्या मिशीबद्दल कुजबुजल्या, आणि काशिरामची जीभ कायमची टाळ्याला चिकटली. बुडत्याचा पाय खोलात. आधी त्यानं रविवार चुकवायला सुरुवात केली, मग ओव्हरटाइमची सबब, मग लग्न, मग खारघरला फ्लॅट. विठू कुठे नाक्यावर भेटलाच तर बरा हाय ना, बरा हाय, एवढ्यावर दोघं सुटायचे. गुळगुळीत दाढी-मिशीचा विठू बघितला की काशिरामला आपल्या अंगावर कुणीतरी थुंकल्यासारखं व्हायचं. बाप गेल्यावर उतरवलेली मिशी त्यानं पुन्हा ठेवलीच नव्हती. तो आपल्यावर डूख धरून आहे, हे काशिरामनं मनाशी धरलं ते धरलं.

बायको, दिपा, जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. चौदाव्या मजल्यावरच्या त्या घरात दिवसभरात काशिराम मोठ्यानं बोलायचा तो फक्त वॉचमनशी, इंटरकॉमवर. मोबाइलवर जुन्या कुस्त्या मिळतात हे कळल्यापासून दुपारी तोच त्याचा उद्योग झाला होता. आवाज बंद करायचा आणि सांगायला लागायचं, हळू आवाजात, रिकाम्या सोफ्याकडे तोंड करून. बोंबल्या आता वयानं थकला, गुडघा दुखतो, आई राहिली नाही. सांगता सांगता थांबायचा, कारण हुंकार द्यायला कुणी नव्हतं. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो.

दिवाळीत त्याला तीच कुस्ती सापडली. अकरा मिनिटांची. ती विठूला नेऊन दाखवायची, हातात फोन द्यायचा आणि मुकाट्यानं शिव्या खायच्या, असं त्यानं ठरवलं. या रविवारी. मग पुढच्या. अखेर गावातल्या कुणीतरी ग्रुपवर विठूचा फोटो टाकला, खाली हात जोडलेले.

पिंड केळीच्या पानावर ठेवून प्रणित उठला. भटजींनी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. माणसं सरली. काशिरामनं घसा मोकळा केला आणि खिशातल्या फोनवर हात ठेवला. पुढे उभ्या असलेल्या विठूच्या थोरल्या जावयानं भाविकाच्या लग्नाचा शब्द द्यायला हात जोडले होते, ते पुरते जुळलेही नव्हते.

जांभळावरून एक कावळा सरळ खाली उतरला. पानाच्या कडेला एक उडी मारली, पिंडात चोच घातली, भाताचा घास घेतला आणि तळ्यापलीकडे निघून गेला. त्याच्यामागून आणखी दोन आले.

"शिवला," कुणीतरी म्हणालं.

कुणाला काही बोलायची वेळच आली नाही. लोक खूश झाले. काही राहिलं नव्हतं त्याचं, मोकळा गेला, असं एकमेकांना सांगत सगळे पाय धुऊन घराकडे वळले. काशिराम तिथेच थांबला. बत्तीस वर्षं सांभाळलेलं वाक्य घेऊन माणूस उभा, आणि ऐकणाऱ्याची ऐकायची गरज संपलेली. त्याला आधी राग आला, कावळ्याचा. मग फार एकटं वाटलं. चपला घालायला त्याला बराच वेळ लागला.

सरळ खारघरची बस धरावी, असं त्याच्या मनात येऊन गेलं, पण तो विठूच्या घरी गेला. जुनं घर पाडून स्लॅबचं झालेलं. आतल्या खोलीत विठूची बायको गोदू चटईवर बसली होती. त्याला तिनं लगेच ओळखलं, जवळच्या बाईला सरकायला सांगितलं आणि बसा भावजी म्हणाली. काशिराम भिंतीला टेकून बसला. विठू कसा गेला, शेवटी काय बोलला, हे विचारायचं सोडून त्यानं जे सांगायचं ते एकदम सांगून टाकलं. लाइट गेली ते, बस ते, रेडा जिंकला ते. मिशी उतरली तेही.

गोदूनं मधे अडवलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं पदर सारखा केला.

"त्यांना म्हायत व्हता, भावजी."

"काय म्हायत व्हता?"

"बोंबल्या जिकला त्यो. त्याच म्हयन्यान पनवेलला कॅसेटवाल्याकरं बगून आले. घरा येवून पोट धरून हसले."

काशिरामनं खिशातला फोन काढून हातात धरला. मग धोंडीबाबा, असं तो कसंबसं म्हणाला.

"बाबांची कावील लय आदीची. डाक्टरनी सांगून ठेवलेला. मिशी काडून कोन मरतंय?" ती म्हणाली. मिशी पुढे कधी ठेवलीच नाही ती मात्र आपल्यामुळे, तिनं सांगितलं. बिनमिशीचेच बरे दिसता, असं आपणच म्हणालो होतो.

"मंग मना बोलला का नाय कदी?"

"बोलले, काश्याच्या तोंडशी आयकाचा हाय. आता कसा फिरवतंय बगू, बोलले. आयतवारचे पाच वाजले का ओटीवं जावून बसाचे. तुमी येवाल म्हून."

बाहेर पंगतीची पानं मांडल्याचा आवाज येत होता. काशिरामनं हातातला फोन उगाच उलटा केला, सुलटा केला.

"किती दिस बसला?"

गोदूनं जरा आठवून पाहिलं. "प्रणित झाला तवापरत. दोन वर्सां झाली आसतील." मग म्हणाली, "नंतर सोरला."

तिच्या बोलण्यात दोष नव्हता, रडू नव्हतं. कुणी कधी तंबाखू सोडली ते सांगावं, तसं तिनं सांगितलं. तेवढ्यात तिला कुणीतरी स्वयंपाकघरातून हाक मारली. जेवल्याबिगर जाव नका, असं बजावून ती भिंतीचा आधार घेत उठली आणि आत गेली.

काशिराम ओटीवरच्या पंगतीत शेवटच्या पानावर बसला. शेजारचं पान रिकामंच होतं. प्रणित भाताचं पातेलं घेऊन वाढत वाढत त्याच्यापर्यंत आला. जवळून बघितलं तर तो विठूसारखा दिसत नव्हता, गोदूसारखा दिसत होता. त्यानं भात वाढला आणि अनोळखी पाहुण्याची करावी तशी अदबीनं चौकशी केली.

"काका, तुमी कुठचे?"

काशिराम पानावरच्या भाताकडे बघत होता. पोरगा पातेलं धरून उत्तरासाठी थांबला होता, आणि पुढे अजून बरीच माणसं वाढायची होती.

"खारघरचा," तो म्हणाला.