चढावरची गाडी आणि नाकवाल्या आजी

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. माझ्या मडगार्डला टेकलात तरी चालेल, त्याचा रंग केव्हाच उडाला आहे. एक गोष्ट सांगते. मायेपोटी झालेल्या चुकीची गोष्ट आहे. शेवट गोड आहे, एवढे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणाचा जीव टांगणीला लागायला नको.

मी एक जुनी गोल्फगाडी आहे. पेट्रोलवर चालणारी, वर कापडी छत असलेली, पुढे दोन आणि मागे दोन माणसे बसवणारी. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझे अंग इतके चकचकीत होते, की लोक माझ्यात बघून केस सारखे करीत. माझी पहिली नोकरी हिरव्यागार मैदानावर होती. लांब काठ्यांच्या पिशव्या वाहायच्या आणि हरवलेला चेंडू शोधत झुडपाझुडपातून फिरायचे. चेंडू सापडला नाही, की खेळणारे आधी देवाला बोल लावत आणि मग मला. देवाच्या पंक्तीला बसायचा मान मला मिळाला तो असा!

पुढे बॅटरीवर चालणाऱ्या, आवाज न करणाऱ्या गाड्या आल्या आणि मला मागच्या शेडमध्ये ढकलण्यात आले. धूळ बसली. माझ्या आसनाखाली मांजरीने संसार थाटला. वाटले, आता आपले दिवस भरले. पण देव एक दार लावतो तेव्हा दुसऱ्या दाराची कडी काढून ठेवतो. एका दवाखान्याने मला नेले.

तो दवाखाना टेकडीवर होता. फाटक खाली आणि पायांचे व्यायाम करून घेणारा विभाग थेट वर. मधला चढ असा, की धडधाकट माणसालाही धाप लागावी. मग मोडक्या पायांनी तिथवर जायचे कसे? त्या लोकांना मी वर नेऊ लागले. मला चालवायला होते मामा. ते कुणाचे मामा, कुणालाच माहीत नव्हते, पण डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. चार पायऱ्या चढताना दोनदा टेकायचे. पण माझ्या आसनावर बसले, की राजे! चढ लागला की ते मोकळ्या गळ्याने स्वतःच रचलेली ओळ म्हणत,

‘हात तुझा पाठी, चाक माझे चाले,
ओझे ज्याचे त्याने सोपे केले.’

मागे बसलेली माणसेही सूर धरीत. कण्हत आलेला माणूस वर पोचेपर्यंत गुणगुणू लागे.

आमच्या जातीच्या गाड्यांची एक रीत आहे. पायाखालची पट्टी दाबली, की आमचे इंजिन जागे होते. पाय उचलला, की गप्प. मामा म्हणत, “भक्त असावा तर हिच्यासारखा. पाऊल पडलं की उठायचं, पाऊल निघालं की मुकाट बसायचं.”

आता आजींना गोष्टीत आणू या. पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले होते आणि त्या रोज व्यायामाला येत. नाक असे तिखट, की फाटकात पाय ठेवताच वर कुणी कोणते औषध सांडले ते सांगत. म्हणून साऱ्या दवाखान्यात त्या ‘नाकवाल्या आजी’.

“अहो मामा, ही गाडी आहे का पेट्रोलपंप? या वासानं माझं डोकं उठलंय.”

“आजी, त्या नाकाला जरा सुट्टी द्या की.”

“नाकाला सुट्टी मी वर गेल्यावर!”

“वरच तर नेतोय तुम्हाला रोज!”

सगळे हसले, मामाही हसले, पण ती गोष्ट त्यांच्या मनाला लागली. संध्याकाळी त्यांनी माझे आसन उचलले. टाकीच्या झाकणावर जाड प्लास्टिकची पिशवी घातली, तिच्याभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट आवळली आणि वरून घोंगडीचा तुकडा दाबून बसवला. मला थोपटून म्हणाले, “आता म्हातारीला त्रास नाही.”

मित्रांनो, मला बोलता आले असते तर! त्या झाकणाला एक बारीक भोक असते. टाकीतले पेट्रोल जसजसे उतरते, तसतशी त्या भोकातून हवा आत येते. तो माझा श्वास. आता श्वासच कोंडला. हवा आत येईना, म्हणून पेट्रोल बाहेर पडेना.

दुसऱ्या दिवशी मी चढावर बंद पडले. थोडी थांबले आणि पुन्हा चालले. मग रोजच अडू लागले. मामांनी बॅटरीची टोके घासली, प्लग नवा घातला, मला विनवले, रागावले. शेवटी एका सकाळी पट्टी दाबली तर मी नुसती घरघरले. सुरू काही झाले नाही.

दवाखान्याचे व्यवस्थापक बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, पण कंटाळला होता. “मामा, दुपारी भंगारवाला येतोय, त्याच्याबरोबर हिला जाऊ दे. नवी गाडी नवा माणूस चालवेल. तुम्हीही आता घरी आराम करा.”

“आराम करून करू काय साहेब? भिंतीशी गप्पा मारू?” मामा हसत म्हणाले, पण माझ्या चाकावरचा हात त्यांनी काढला नाही. मी गेले की मामाही गेले, हे त्या अंगणात सर्वांना कळत होते.

साहेबांनी मान खाली घातली. “बरं, गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीबाईंना बोलावतो. दुपारच्या आत सुरू झाली, तर राहील.”

मिस्त्रीबाई आल्या. कमरेला फडके, कानामागे पेन्सिल. “मामा, पाय द्या.” टक्, घर्र घर्र घर्र. “करंट आहे.” प्लग काढून त्यांनी माझ्या लोखंडाला टेकवला आणि पुन्हा पट्टी दाबायला लावली. निळी ठिणगी उडाली. “ठिणगीही आहे. म्हणजे कार्ब्युरेटर खोलायला लागणार. दुपार निघून जाईल, मामा.” प्लग बसवून त्यांनी आणखी एकदा फिरवून पाहिले. घरघर आता मंदावली होती. “बॅटरी दमली. आता एकदाच फिरेल.”

बाकावर खोळंबलेल्या आजी तेवढ्यात म्हणाल्या, “एवढी घरघरतेय मेली, पण आज वास कसा तो नाही!”

मिस्त्रीबाईंचा पाना हवेतच थांबला. त्यांनी प्लग पुन्हा काढला, बोट फिरवले. “कोरडा ठणठणीत! एवढं फिरवल्यावर पेट्रोलचा भपकारा यायला हवा. वास नाही, म्हणजे पेट्रोल येतच नाही. टाकीत आहे ना?”

“निम्मी आहे की,” मामा म्हणाले.

बाईंनी टाकीवरची घोंगडी ओढली. “आणि हे काय?”

मामांचा चेहरा उतरला. “आजींना वास यायचा... म्हणून बांधलं.”

बाईंनी पट्टी सोडली, पिशवी काढली, झाकण फिरवले. सुस्स! मी असा श्वास ओढला, की साहेबसुद्धा दचकून मागे सरले. प्लग बसला, चोक ओढला गेला.

“घ्या देवाचं नाव आणि द्या पाय.”

घर्र... घर्र... मामांचे डोळे मिटलेले. घर्र... फट्! फट्फट्फट्फट्! निळसर धूर निघाला आणि आजी नाकाला पदर लावून ओरडल्या, “आला, आला, वास आला!”

मामांनी डोळे पुसले. आजी कपाळावर हात मारून म्हणाल्या, “म्हणजे माझ्या नाकानंच घोटाळा केला होय!”

“आणि त्याच नाकानं निस्तरला,” मिस्त्रीबाई म्हणाल्या. झाकणातला झिजलेला रबरी वायसर त्यांनी बदलला, तेव्हा जास्तीचा वासही गेला. भंगारवाला आला, त्याला साहेबांनी पाणी पाजले आणि रिकामाच परत पाठवला.

अजून मी चढ चढते, मामाही गातात. आजी मात्र माझ्यात बसत नाहीत. त्या काठी टेकत, माझ्या शेजारून पायी चढतात आणि मामांना म्हणतात, “हळू चालवा, मला सूर धरता येत नाही!”

मित्रांनो, यंत्र जुने झाले म्हणून लगेच भंगारात देऊ नका. आधी त्याचा श्वास कुठे अडला आहे ते पाहा. आणि कधी कुणाला मायेने झाकू लागलात, मग ते यंत्र असो की माणूस, तर गाठ बांधण्याआधी क्षणभर आमच्या मामांची आठवण काढा, आणि हवेला वाट ठेवा.