संतरामांच्या हातचा प्याला

सुज्ञ वाचकहो, निजाम सरकारच्या अमलात कुरुंदा या गावी प्रेस्बिटेरियन पंथाची एक लहानशी ख्रिस्ती मंडळी होती. त्या मंडळीचे वडील संतराम यांनी प्रभुभोजनाचा प्याला आपल्या हातून कसा सोडला, एवढीच हकिकत येथे यथामती निवेदन करावयाची आहे. तीत लढाई नाही की चमत्कार नाही. एका साध्या मनुष्याच्या मनाची घालमेल मात्र आहे. वाचकांनी तिच्याकडे सहृदयतेने पाहावे, ही प्रार्थना.

“आता येत्या दिवसांच्या सूचना ऐका,” रविवारची उपासना आटोपताच पाळकसाहेब म्हणाले, तशी उठू पाहणारी मंडळी पुन्हा सतरंजीवर बसली.

पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, जालन्याकडचे, वयाने तरुण आणि पुढारलेल्या विचारांचे होते. त्यांनी सांगितले की बायकांचा वाचनवर्ग आता बुधवारी भरेल. सुगीच्या सणाला ज्याने त्याने आपल्या शेतातले किंवा आपल्या हातचे पहिले फळ आणावे. त्या दिवशी प्रभुभोजन होईल आणि मागाहून अंगणात पंगत बसेल. पंगतीला बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या लोकांनाही बोलावणे आहे. चूल एकच राहील, वेगळा शिधा कोणी आणू नये. एवढे सांगून त्यांनी हातातला कागद मिटला.

“आणि या सालापासून वडिलांच्या जागेसाठी बाईचंही नाव सुचवता येईल.”

वडील म्हणजे मंडळीने आपल्यातून निवडलेला सेवक. कुरुंद्यास असे दोघे होते. प्रभुभोजनात ख्रिस्ताचे शरीर व रक्त म्हणून भाकर आणि मनुकांचा रस वाटीत; त्या वेळी व्यंकटराव भाकरीचे तबक फिरवीत आणि संतराम प्याला फिरवीत. संतरामांची मुदत या सुगीला भरत होती. परंतु आजवर ती भरली म्हणजे पुन्हा त्यांचेच नाव येई. त्यांच्या केसांत काळा केस उरला नव्हता, इतकी वर्षे तो प्याला त्यांच्या हाती होता.

“बाई वडील झाली तं बाप्याला काय आई म्हनायचं?” मागून कोणी तरी म्हणाले आणि हशा पिकला.

“तुला घरी भाकर कोन घालतंय रं? तिला जाऊन इचार,” संतरामांच्या शेजारच्या गंगूताई वळून म्हणाल्या. मग त्या उभ्याच राहिल्या. “पाळकसायब, मी नाव सांगते. पार्वतीवैनी.”

पार्वतीबाई या संतरामांच्या पत्नी. गावातील निम्म्या लेकरांची नाळ त्यांच्या हातून कापली गेली होती, आणि त्यात ख्रिस्ती कोण व इतर कोण, असा भेद त्यांनी कधी केला नव्हता. नाव ऐकताच त्यांनी पदर ओढून मान खाली घातली. संतरामांनी समोर मेजावर ठेवलेल्या प्याल्याकडे पाहिले.

त्या मंडळीत एक जुना नेम होता. ज्याचे नाव निघे त्याच्या घरच्या कोणी तरी पुढील रविवारी उभे राहून, “आमच्या घरचं मानूस मंडळीला दिलं,” असे म्हणावयाचे. त्यासाठी एक गीत गाइले जाई. गीत संपेपर्यंत कोणी उठले नाही, तर ते नाव आपोआप मागे पडे. संतरामांच्या वेळी त्यांची म्हातारी आई काठी टेकीत उठली होती. पार्वतीबाईंच्या घरचे माणूस म्हणजे एकटे संतराम. ते उठले तर प्याला पत्नीच्या हाती जाणार, आणि बसून राहिले तर त्यांच्याच हाती राहणार, हे सर्वांना उघड दिसत होते.

घरी आल्यावर संतराम ओसरीवर अंबाडीचा दोर वळीत बसले. दोर वळणे हा त्यांचा पिढीजात धंदा. पीळ देताना, ताण घेताना त्यांचा हात दगडासारखा स्थिर असे. परंतु हलकी वस्तू धरली की तो थरथरू लागे. गेली काही वर्षे हे चालले होते. ही गोष्ट आपल्यावाचून केवळ पार्वतीबाईंना ठाऊक आहे, असे ते समजून होते.

“तुमी काहून असं तोंड पाडून बसले?” पार्वतीबाई सुपात ज्वारी पाखडीत म्हणाल्या.

“मी कुठं काय म्हनलो?”

“तेच तं. काहीच म्हनून न्हाई राहिले.”

संतरामांनी दोराला आणखी एक पीळ दिला. “तुझं मन हाय का?”

सूप थांबले. “मन? रात्रंदिस दुसऱ्याच्या बाळंतिणी करते, तवा कोनी इचारलं न्हाई मन हाय का म्हनून.” मग त्या हळूच म्हणाल्या, “हाय. पन प्याला तुमचा हाय. मी पाळकसायबाला न्हाई म्हनून सांगून येते.”

“थांब,” संतराम म्हणाले.

इतक्यात गंगूताई सूप मागावयास आल्या. “दादा, मी नाव घेतलं म्हनून राग नका धरू.”

“राग कशाचा, गंगूताई?”

“न्हाई, वैनीचं नाव माझ्या मनात लई दिसाचं होतं. मागच्या प्रभुभोजनाला माझ्या लुगड्यावर थेंब पडले न्हाई का, तवापासून.”

संतरामांचा हात दोरावर थांबला.

“ते लुगडं मी धुतलंच न्हाई,” गंगूताई भाबडेपणाने सांगू लागल्या. “प्रभूचं रगत म्हनून घडी घालून पेटीत ठिवलं. तं त्याला मुंग्या लागल्या. मंग पाळकसायब म्हनले, बाई, ते मनुकाचं पानी हाय, धू ते.”

पार्वतीबाईंनी तोंडाला पदर लावला. संतरामांनाही हसू आले. परंतु ते अर्ध्यावरच विरले.

“म्हंजे पाळकसायबाला ठाव हाय?”

“समद्यायलाच ठाव हाय, दादा. आमच्या सासूबाईच्या हनुवटीवर सांडलं होतं, तं म्हातारी म्हनली, संतरामच्या हातचं हाय, पुसू नका. तुमाला कोन बोलनार?” एवढे बोलून त्या सूप घेऊन निघून गेल्या.

संतरामांनी दोर गुंडाळून ठेवला. कोणी टोचून बोलले असते, तर त्यांनी ते सोसले असते. परंतु अवघी मंडळी इतके दिवस हनुवटी पुढे करून, लुगडे आवरून आपला हात सांभाळून घेत होती, हा विचार त्यांना फार जड गेला. आपण लोकांना पाजतो असे त्यांना वाटत होते. आणि लोक तर त्यांना झेलीत होते.

दोन दिवसांनी ते दोर पोचविण्यास व्यंकटरावांच्या मळ्यात गेले. तेथे हळद शिजत होती. कढईच्या वाफेने सारा बांध पिवळट दिसत होता. व्यंकटरावांनी त्यांना बाजेवर बसविले आणि गुळाचा खडा हातावर ठेवला.

“संतराम, एक सांगू? रविवारी गप बसा. गीत सरंल, नाव जाईल. कोनाचं काही बिघडनार न्हाई.”

“बाईच्या हातून प्याला घ्यायला सरम वाटते का तुमाला?”

“सरम न्हाई हो. माझ्या पोराला जगात तिनंच आनलं, तिची काय सरम?” व्यंकटराव जाळ सारीत म्हणाले. “पन इतकी वर्सं तुमच्या बराबर चाललो. दुसऱ्यासंगं पाय जुळनार न्हाई माझे.”

“माझा हात थरथरते, व्यंकटराव.”

“मंग? माझे गुडघे वाजतेत. देवानं कधी तक्रार केली का?”

दोघेही हसले. संतराम परत निघाले तेव्हा त्यांचे मन हलके झाले होते. गप्प बसणे किती सोपे आहे, असे त्यांना वाटले. काही करावयाचेच नव्हते. जागचे उठावयाचे नव्हते, इतकेच. परंतु घरी येताच पार्वतीबाई उंबऱ्यात वाचनवर्गाचे पुस्तक घेऊन, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचीत बसलेल्या दिसल्या. त्यांना पाहताच पार्वतीबाईंनी पुस्तक मिटले आणि पाण्याचा तांब्या आणावयास त्या आत गेल्या. मळ्यात हलके झालेले मन पुन्हा जड झाले.

रविवारी पाळकसाहेबांनी पार्वतीबाईंचे नाव वाचले आणि गीतास आरंभ झाला. पहिले कडवे झाले. संतराम पुढच्या बाकावर, वडिलांच्या जागी, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. दुसरे कडवे झाले. बायकांच्या बाजूने गाण्याचा आवाज बारीक होत गेला. गंगूताई तर गाणे सोडून त्यांच्याकडेच पाहत होत्या. पार्वतीबाई मात्र जमिनीकडे पाहून शब्द न् शब्द गात होत्या. शेवटच्या कडव्याची शेवटची ओळ सुरू झाली.

संतराम उठले.

“आमच्या घरचं मानूस,” ते म्हणाले आणि पार्वतीबाईंकडे वळले. “आमच्या घरचं मानूस मंडळीला दिलं.”

मग व्यंकटराव खाली पाहतच म्हणाले, “आमेन.” त्यांच्यामागून साऱ्यांनी म्हटले. हात वर करून मोजावयाची कोणास गरजच वाटली नाही.

सुगीच्या सणास प्रार्थनामंदिराच्या दारी ज्वारीची कणसे बांधली होती. मेजापुढे हळदीची टोपली, हरभऱ्याचे डहाळे, एक पाय बांधलेली कोंबडी आणि संतरामांनी वळलेला नवा कासरा ठेवला होता. संतराम आत आले आणि सवयीने थेट पुढे निघाले. अर्ध्या वाटेवर त्यांच्या ध्यानात आले. ते वळले आणि दाराजवळ, पुरुषांच्या सतरंजीच्या टोकाशी बसले. शेजारच्यांनी त्यांना जागा दिली.

व्यंकटराव तबक घेऊन निघाले आणि नेहमीच्या चालीने चार पावले पुढे गेले. मग थबकले, आणि मागून येणाऱ्या पार्वतीबाईंसाठी उभे राहिले. तेथून पुढे दोघे बरोबर चालले. पांढरे लुगडे नेसलेल्या पार्वतीबाई एकेकापुढे वाकून दोन्ही हातांनी प्याला धरीत होत्या. संतरामांपुढेही त्या तशाच वाकल्या.

“घ्या,” त्या म्हणाल्या. इतरांना म्हणत होत्या तितकेच, तसेच.

संतरामांनी घोट घेतला. आजवर ते सर्वांच्या शेवटी पीत आले होते आणि त्यांच्या वाट्याला तळचा गाळ येत असे. मनुकांचा रस इतका गोड असतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. पार्वतीबाई पुढच्या माणसाकडे सरकल्या.

तेवढ्यात दारात सावली पडली. तांड्याचे नाईक रूपसिंग पंगतीच्या बोलावण्यावरून जरा लवकरच आले होते आणि आत यावे की न यावे, अशा विचारात उंबऱ्याबाहेर उभे होते. अंगात धुतलेला अंगरखा, हातात पागोटे.

“या नाईक,” संतराम हलक्या आवाजात म्हणाले. “जेवनाला येळ हाय अजून. बसा इथं.”

सतरंजीवर जागा उरली नव्हती. संतराम बाजूला सरकले, इतके की ते स्वतः निम्मे सतरंजीवर आणि निम्मे सारवलेल्या भुईवर आले. मोकळ्या झालेल्या जागेवरचा चुरा त्यांनी हाताने झाडला आणि रूपसिंग बसेपर्यंत तेथून हात उचलला नाही.

ही साधी हकिकत आपण शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
उद्धव ग्यानोजी खिल्लारे, कुरुंदा