औषध म्हणून आलेला मनीप्लांट

मित्रांनो, या घरात मी शोभेसाठी नाही, औषध म्हणून आलो. मी एक जुना मनीप्लांट आहे. आज माझा वेल खिडकीपासून कपाटापर्यंत पोचलाय, पण आलो तेव्हा वीतभर देठ आणि दोन पानं एवढाच माझा संसार होता.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आई दिवसभर शिलाई मशीन चालवी. दवाखान्यांचे पांढरे कोट शिवायचं काम तिच्याकडे असे. खाली वर्दळीचा रस्ता. धुळीचा एक डाग दिसला तरी कोट परत येई, म्हणून खिडकी कायम बंद. फटींतसुद्धा चिंध्या कोंबलेल्या. आत सुताचे बारीक तंतू तरंगत, इस्त्रीची वाफ कोंडून राही आणि त्याच हवेत तिची सात वर्षांची लेक चिमणी अभ्यासाला बसे. तिला दमा होता. धाप लागली की ती औषधाचा पंप ओढायची, जरा थांबायची आणि अडलेला पाढा तिथूनच पुढे म्हणायची.

तिच्या आत्यानं मला एका बाटलीतून आणलं. हे झाड घरातली घाण हवा पिऊन टाकतं, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. बुडत्याला काडीचा आधार! आईनं मला कुंडीत लावून मशीनशेजारी मानानं बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मला दाखवी. झाडाला शोभत नाही, पण माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं.

चिमणीचा दम मात्र हटेना. मला पाणी कमी पडत असेल, असं वाटून आई रोज तांब्याभर ओतू लागली. माझी मुळं कुजली, मातीवर बुरशी धरली, पानांवर सुताची लव साचली. एकेक पान पिवळं पडून गळू लागलं. मी स्वतःच गुदमरत होतो. दुसऱ्याला काय श्वास देणार?

एका सकाळी चिमणीला फार जोराची धाप लागली. पंपानं ती सावरली, पण आईचा धीर सुटला. तिनं मला उचललं आणि थेट कचऱ्याच्या डब्याशी नेलं.

चिमणीनं कुंडीचा काठ धरला. "आई, त्यालापण दमच लागलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "टाकू नको ना. खिडकीत ठेव."

आईनं कुंडी खाली ठेवली. मग तिनं फटींतल्या चिंध्या उपसल्या. कडी गंजून बसली होती, ती हातोडीनं ठोकून सैल केली. खिडकी उघडली आणि मला पहिल्यांदा वारा लागला. कोटांवर तिनं जुनी चादर पसरली. त्या दिवसापासून रस्ता जागा व्हायच्या आत तासभर आणि दुपारी वर्दळ ओसरल्यावर पुन्हा तासभर, माझ्यासाठी म्हणून खिडकी उघडू लागली. बुरशीची माती बदलली गेली. चिमणी ओल्या फडक्यानं माझी पानं पुसू लागली.

दोन महिन्यांत मला तीन नवी पानं फुटली. चिमणीचा पंपही क्वचितच निघू लागला. झाडानं गुण दिला, असं आई सगळ्यांना सांगत सुटली.

मग कोट न्यायला एका दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. आईचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी सरळ सांगितलं, की एवढ्या खोलीची हवा साफ करायला अशी शेकडो झाडं लागतील. गुण आला तो उघड्या खिडकीचा. आणि पंप त्या सांगेपर्यंत बंद करायचा नाही, असंही बजावलं.

खरं सांगतो, मला फार लागलं. इतके दिवस मिरवलेला मोठेपणा एका वाक्यात उतरला.

चिमणीनं वहीतून मान वर केली. "पण खिडकी तर याच्यासाठीच उघडली ना?"

डॉक्टरीणबाईंनी माझं एक पान बोटानं उचलून पाहिलं. मग माझ्याकडे बघत आईला म्हणाल्या, "याची एक फांदी मलापण द्या. माझ्या तपासणीच्या खोलीची खिडकी कित्येक दिवस उघडलेली नाही."

मित्रांनो, आम्हाला जरूर घरी आणा. माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घाला, पानं पुसत जा. मात्र सगळा भार आमच्यावर टाकून दारं-खिडक्या लावून बसू नका. आम्हाला वारा दाखवायला उठाल, तेव्हा तो तुम्हालाही लागेल.