अकुन्नाचा कटोरा

लोकांचे लग्नसोहळे पार पाडून द्यायचा धंदा करायचा म्हणून उरेन्माने एनुगू शहरातल्या बँकेतली चांगली नोकरी सोडली, तेव्हा तिच्या भावाने कपाळावर हात मारून घेतला होता. आज तिचं पहिलंच लग्न. नवरीच्या गावी, नवरीच्या अंगणात, पाहुण्यांनी गच्च भरलेल्या मांडवात ती उभी होती आणि सकाळपासून पोटात घास म्हणून गेला नव्हता. हे लग्न फसलं तर या मुलखात तिला कोणी दारात उभं करणार नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

नवऱ्याला पुरुषांच्या गर्दीत लपवायचं आणि नवरीने ताडीचा कटोरा घेऊन त्याला हुडकायचं, हा सोहळ्याचा कळस. सापडला की गुडघे टेकायचे, एक घोट स्वतः घ्यायचा, कटोरा त्याच्या हाती द्यायचा. तो प्याला की लग्न लागलं. त्यात उरेन्माने आपली अक्कल पाजळली होती. एकेने, म्हणजे नवरामुलगा, आणि त्याचे झाडून सगळे मित्र तिने एकसारख्या अंगरख्यांत आणि एकसारख्या टोप्यांत बसवले होते. शोधाशोध रंगेल, फोटो झकास येतील.

नवरीच्या, म्हणजे अकुन्नाच्या, वडिलांनी कटोरा भरून लेकीच्या हाती दिला. "जा पोरी. तुझा माणूस कोण ते आम्हा सगळ्यांना दाखव."

अकुन्ना निघाली. उरेन्माने घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून पर्समध्ये हात घातला आणि बोटांना चष्मा लागला.

अकुन्नाचा चष्मा! फोटोत चकाकतो म्हणून सकाळी तिनेच तो काढायला लावला होता. त्याच्याशिवाय पोरीला चार हातांवरचा माणूस की बोकड ते कळत नसे. उरेन्माने मान उंचावून पाहिलं, पण अकुन्ना केव्हाच गर्दीत शिरली होती.

"अगं इकडे, इकडे! मीच तो!" पुरुष ओरडत होते.

"त्याला नको देऊस, तो सकाळीच पिऊन आलाय!"

"माझ्याकडे नवी गाडी आहे, आण तो कटोरा!"

अकुन्ना हसत, मान वेळावत रांगांमधून चालली. एकेनेच्या अगदी समोरून गेली. तो लागोसचा दुकानदार, रुबाबात छाती काढून बसला होता. ती पुढे गेली तसं त्याचं हसू ओसरलं. शेवटच्या रांगेत ती थांबली. समोर डुबेम होता, एकेनेचा मित्र. एकेने लागोसहून जे निरोप, ज्या भेटी पाठवायचा, त्या घेऊन वर्षभर या घरी तोच येत होता. डुबेम काही ओरडत नव्हता. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

अकुन्नाने गुडघे टेकले.

मांडवात आधी हशा पिकला, मग तो विरला. चुकीच्या माणसाच्या हाती कटोरा गेला, तर दोन्ही घरांची अब्रू जाणार होती आणि उरेन्माचं नाव कायमचं बुडणार होतं. गप्प राहावं? देवावर सोडावं? अकुन्नाने कटोरा ओठांकडे नेला.

"थांब!" उरेन्मा किंचाळली आणि खुर्च्या ढकलत धावली. "तो नव्हे! हिचा चष्मा माझ्याकडे राहिला! चूक माझी आहे, हिची नाही!"

सारा मांडव खदखदून हसला. म्हातारे मांड्यांवर थापा मारू लागले. धापा टाकत उरेन्मा अकुन्नाजवळ खाली बसली आणि चष्मा तिच्या नाकावर चढवला. अकुन्नाने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"एवढ्या जवळचं मला दिसतं, ताई," ती एवढ्या हळू म्हणाली की ते फक्त उरेन्माला आणि डुबेमला ऐकू गेलं.

डुबेमचे हात पुढे आलेले होते. ते त्याने सावकाश मागे घेतले.

उरेन्माला काही सुचायच्या आत अकुन्नाची आई हसत हसत पोचली. "चल, ऊठ, आंधळी कुठली! नवरा तिकडे वाळतोय!" तिने लेकीला दंडाला धरून उठवलं. त्या आवाजात लाड होते, पण पकड सैल नव्हती. अकुन्नाने एकदा उरेन्माकडे पाहिलं. आत्ता बोलले तर काय होईल, या भीतीने उरेन्मा तशीच मातीत गुडघे टेकून बसून राहिली.

अकुन्नाने एकेनेसमोर गुडघे टेकले, एक घोट घेतला आणि कटोरा त्याला दिला. त्याने तो एका दमात रिकामा केला. ढोल वाजले, बायका नाचत पुढे सरसावल्या.

कोणीतरी उरेन्माच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकली. नवरीची आत्या होती, घामाने डबडबलेली, खूश.

"पोरी, लाज राखलीस आमची! दुसरी असती तर तोंड लपवून पळाली असती. माझ्या धाकटीचंही ईस्टरनंतर काढलंय. तेही तूच करायचं हं."

उरेन्माने एकेनेशेजारी बसलेल्या अकुन्नाकडे पाहिलं. तिच्या हातात आता कटोरा नव्हता, तरी दोन्ही तळवे कटोरा धरल्यासारखेच जोडलेले होते.

"हो, आंटी," उरेन्मा म्हणाली.