मुक्या सुराची पेटी

मित्रांनो, पुढचे ऐकून तुम्ही म्हणाल, म्हातारी थापा मारते. म्हणा खुशाल! मी एक जुनी पेटी आहे, आणि अख्ख्या मेडशी गावादेखत, भर जयंतीत मी एका मोबाइलला पाणी पाजले आहे.

माझे सागाचे अंग कारंज्याच्या उस्मान मिस्त्रीने घडवले. त्याने शेवटचा खिळा ठोकला तेव्हा मी आपसूक असा सूर काढला, की रस्त्यावरून जाणारी एसटी घंटी न वाजताच थांबली. पुढे मी इंद्रभानच्या गायन पार्टीत आले. चाळीस वर्षे गाजले. मध्ये एकदा जीपच्या टपावरून पडले आणि माझा 'ग' कायमचा मुका झाला. इंद्रभान काही मिस्त्रीकडे धावला नाही. जिथे 'ग' यायचा, तिथे त्याने कोरसला टाळी वाजवायला लावली. ती टाळी एवढी गाजली, की रिठदची पार्टी धडधाकट पेटी असून 'ग' सोडू लागली आणि टाळी वाजवू लागली!

मग मी माळ्यावर गेले. भाता जरा खोकतो, एवढेच. इंद्रभानची नात साक्षी हिने मोबाइलवर गाणी बांधायचे अ‍ॅप घेतले. त्याचे नवे अपडेट आले आणि ते फारच शेफारले. गुणगुणले की चाल लिहून द्यायचे, चुकलेला सूर सरळ करायचे, मोकळी जागा दिसली की भरून टाकायचे.

साक्षीचा बाप विनोद म्हणाला, "बाबा, आता या खोक्याचं काय काम? भंगारवाला येऊन राह्यला, देऊन टाकतो."

"जयंतीचं गाणं होऊ दे," इंद्रभान म्हणाला. "मोबाइलवर जमलं तर ने मंग."

म्हणजे माझा जीव आता एका गाण्यावर टांगलेला!

तालमीत अ‍ॅपने चाल वाजवली. गुळगुळीत, तेल लावल्यासारखी. कोरसने टाळीसाठी हात उचलले आणि ते हवेतच राहिले.

"साक्षे, टाळी कुठी गेली व?"

"आबा, तिथं गॅप होता. अ‍ॅपनं भरला."

"आमचं गाणं काय रस्त्यावरचा खड्डा होय, भरून टाकाले?"

दुसऱ्या दिवशी दुपारी इंद्रभानने मला खाली काढले आणि माझ्या भात्यावर तळहात दाबून धरला. साक्षीने मोबाइल माझ्या तोंडाशी आणला आणि एकेक सूर मागून घेतला. मी ओळखले, मोबाइल माझ्या पाया पडायला आला आहे. मी आशीर्वाद दिला नाही.

मग जयंती उजाडली. मी मंचावर चढले. भाता उघडला तशी मैदानातली निळी निशाणे उलटी फडफडली. मी गरजले, "सूर सरळ करणाऱ्यांनो, या! माझा 'ग' बोलवून दाखवा!" ती जागा आली आणि हजार हात एकदम वाजले. मोबाइल धसका घेऊन जागीच बंद पडला. भंगारवाला रिकामा ठेला ढकलत पळाला, तो अजून मालेगावला पोचला नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. त्यांना पुसा, झाका, आणि त्यांची खोड मोडण्याआधी एकदा नीट ऐकून घ्या. मी त्या दिवशी एकटीने, कोणाच्याही मदतीशिवाय...

"काहून एवढी खोटी बोलून राह्यली व, पेटीआजी?" माझ्यावरची धूळ पुसणारी साक्षी मोठ्याने म्हणाली. "तू मंचावर होतीच कुठी? भाता उंदरायनं खाल्लेला, तू तर घरी माळ्यावर होती. मोबाइलच वाजला शेवटवर. नव्या अपडेटमंदी कोणत्याबी आवाजाचं वाद्य करता येते, म्हणून तर त्या दुपारी आबानं भात्याच्या भोकावर हात धरला आन् तुये सारे सूर मी त्याच्यात भरले. एक 'ग' तेवढा त्याले भरू देला नाही, टाळीसाठी."