बाहेर राहिलेला तुकडा

सासऱ्यांनी तोच तुकडा पुन्हा उलटा लावला, तेव्हा सुनेने हातातला कापूस उगाचच पिळला. बरणीवरच्या निळ्या वेलीचं पान देठाकडे पाठ करून बसलं होतं. लहान मुलालाही दिसावं असं. सासरे मात्र मान तिरकी करून खुशीत बघत होते.

"जमलं की नाही?"

"जमलं, बाबा."

"नुसतं जमलं? नख फिरवून बघ. अडकतं का कुठे?"

तिने नख फिरवलं. ते अडकलं. "नाही," ती म्हणाली.

सासरे नोकरीत असताना नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर घरात पाय पसरून बसणं त्यांच्या जिवावर आलं आणि त्यांनी फुटकी जुनी भांडी जोडायचा नाद धरला. कुणाकडे शिकायला गेले नाहीत; चुकत चुकत हात बसला. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्यांनी बळकावला होता. तिथे वाळू भरलेला ट्रे, चिकटपट्ट्या, ब्लेडं, दिवा. जोडलेला तुकडा वाळूत रोवून उभा करायचा म्हणजे गोंद वाळेपर्यंत हलत नाही. "आमच्या घरात माणसं टेबलाच्या कडेला जेवतात आणि मडकी मधोमध बसतात," असं त्यांचा मुलगा येईल त्याला सांगायचा. सून मात्र हळूहळू त्यात ओढली गेली. आधी तुकडे धुऊन द्यायची, मग निवडून द्यायची, आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपल्यालाही येतंय.

बरणी होती सासऱ्यांच्या आईची. त्यांची धाकटी बहीण ती आजवर सांभाळून होती. आता ती कायमची परदेशात मुलीकडे निघाली होती आणि सामान बांधताना बरणी तिच्या हातून सुटली. खोक्यात तुकडे घेऊन आली तेव्हा डोळे पुसत होती आणि भांडतही होती.

"दुकानात देणार नाही हं मी. तुझ्याच हातची हवी, दादा. तिकडे रोज बघीन आणि तुला शिव्या देईन."

"चिमणे, शिव्या इथूनच देऊन जा. पुन्हा कुठे भेटतेस!"

सत्तरीच्या चिमणीने भावाच्या पाठीत धपाटा घातला. पुन्हा भेटायचं नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात सुनेला कळलं की बाबांचं काहीतरी निसटत चाललंय. गोंद लावण्याआधी सगळं भांडं नुसत्या चिकटपट्टीवर उभं करायचं, तुकड्यांना क्रमांक द्यायचे आणि त्याच क्रमाने जोडायचं, हा त्यांचाच दंडक. त्यासाठी त्यांनी तिला किती वेळा झापलं होतं! या वेळी त्यांनी खोकं उघडलं आणि सरळ गोंदाची ट्यूब पिळली. तिने आठवण करून दिली तर म्हणाले, "केलं की काल." काल ते दिवसभर झोपून होते.

तिने नवऱ्याला सांगितलं. "डॉक्टरांना दाखवू," तो म्हणाला, "पण आत्या जाऊ दे आधी. तिच्यासमोर नको."

मग तिने एक उद्योग सुरू केला. दुपारी सासरे आडवे झाले की ती टेबलाशी बसायची. त्यांचा गोंद अ‍ॅसिटोनने सुटणारा. जोडलेलं सोडवता आलं पाहिजे म्हणून त्यांनी मुद्दाम तोच निवडलेला. भिजवलेला कापूस सांध्यावर ठेवायचा, गोंद मऊ पडला की तुकडा अलगद सोडवायचा, कडा पुसायच्या आणि नीट लावून वाळूत उभा करायचा. खिडकी उघडून वास घालवायचा. चहाच्या वेळी सासरे येऊन बरणी न्याहाळत आणि त्यांचा चेहरा खुलत असे.

"बघ गं, हा सांधा बघ. दिसतो तरी का? अजून हात शाबूत आहे हो म्हाताऱ्याचा!"

"तुमचा हात कुणाला येणार, बाबा?" ती म्हणायची आणि चहा गाळायला वळायची.

सगळी बरणी आधी पट्टीवर उभी करायला तिला सवड नव्हती. ती फक्त त्यांचं चुकलेलं सुधारत गेली, एकेक करून.

आत्याला संध्याकाळी यायचं होतं. सकाळी एकच तुकडा उरला होता, खांद्यावरचा, तळहाताएवढा. सासऱ्यांनी तो उचलला, जागेवर नेला. बसेना. तिरका करून बघितला, आतून बघितला. सून पुढे होऊन वाकली. तुकडा आतल्या बाजूला रुंद होता. त्याचे दोन्ही शेजारी आधीच घट्ट बसले होते आणि त्याला शिरायला वाटच उरली नव्हती. ते दोन्ही शेजारी तिने लावले होते. परवा, घाईत.

सासऱ्यांनी तुकडा खाली ठेवला. हात मांडीवर घेतले.

"क्रम चुकला," ते म्हणाले. "पहिल्या भांड्याला केली होती ही चूक. त्यानंतर कधी नाही." त्यांनी तुकडा बोटाने थोडा दूर सारला. "मला काहीतरी होतंय, सूनबाई. मी बोललो नाही कुणाला. पण हे सांधे बघत होतो आणि वाटत होतं, हे येतंय तोवर बाकीचं गेलं तरी चालेल."

गप्प राहणं सोपं होतं. पण मग ही चूक त्यांच्या नावावर गेली असती.

"ही चूक तुमची नाही, बाबा. ते दोन तुकडे मी लावले."

"तू? केव्हा?"

"दुपारी. तुम्ही झोपल्यावर."

त्यांनी बरणी जवळ ओढली. डोळे मिटून बोट एका सांध्यावरून फिरवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"यातले माझे किती?"

"अर्धे."

"खरं सांग."

तिने तळाजवळचा एक सांधा दाखवला. तो त्यांनी पहिल्याच दिवशी लावला होता आणि तो नीट होता. त्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

बाहेरच्या खोलीत नवरा घड्याळाला किल्ली देत होता. सुनेला रडू आवरेना. "मला वाटलं, आत्या जाईपर्यंत..."

"हं." त्यांचेही डोळे भरले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत. गोंदाची ट्यूब आणि ब्लेड उचलून तिच्यापुढे सरकवलं. "एक शेजारी सोडवायला लागेल. उजवा सोडव. डावा तळाशी बांधलाय."

तिने कापूस भिजवला. सांधा सुटायला वेळ लागला; कडा पुसून होईतो उन्हं उतरली. मग त्यांनी खांद्यावरचा तुकडा उचलला, पण जागेवर न नेता हातातच धरून विचारलं, "सांग, कुठे धरू?"

तिने सांगितलं. त्यांनी धरला. ती गोंद लावत असतानाच आत्या धापा टाकत दारातून आली.

"अगं बाई, अजून चाललंच आहे? दादा, कधी वाळणार? नेता येईल ना मला?"

सासऱ्यांनी मान वर केली नाही. तुकडा हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून होते.

"तिला विचार," ते म्हणाले.